जात : निरंक

सर, नसीमाचा फोन आला तेव्हा मी एका पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होते. "सर गेले," ती म्हणाली. मी म्हणाले, "बरं." फोनवर आपण सवयीनं म्हणतो तसं निघालं तोंडातून. पलीकडून तिनं विचारलं, "बरं काय म्हन्तीस गं?" तिला समजावून सांगता आलं असतं, पण मी सांगितलं नाही. पोरीचा फॉर्म पूर्ण केला, कागद टाचले, पावती तिच्या हातात दिली आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून खुर्चीत बसून राहिले. रडू येईल असं वाटत होतं. ते काही आलं नाही. राग आला, आणि तोही नवा नव्हता, सोळा वर्षं घरात वागवलेला होता.

नसीमा जालन्याच्या दवाखान्यात सिस्टर आहे. शेवटचे तीन दिवस तुम्ही तिच्याच वॉर्डात होतात. ती मला रोज फोन करायची. "येऊन जा, तुझं नाव घेऊन राह्यले," म्हणायची. मंठ्याहून जालना काही लांब नाही, गाड्याही बऱ्याच आहेत. मी आले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी फार भली बाई आहे असा तुमचा गैरसमज व्हायला नको.

पुण्यानुमोदनाला मात्र आले. समाजमंदिरापुढे मांडव होता, फ्लेक्सवर तुमचा काळ्या केसांचा जुना फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'ज्ञानाचा दीपस्तंभ'. मला हसू आलं. निबंधात कोणी दीपस्तंभ लिहिला की तुम्ही त्याभोवती लाल गोल काढायचात आणि विचारायचात, "समुद्र कधी पाहिलास?" भन्तेजींचं झाल्यावर एकामागून एक वक्ते उठले. प्रत्येकानं तेच सांगितलं: हिवाळे सरांनी आपल्या वस्तीतली जात घालवली. मग माईकवाल्यानं पुकारलं, "आता सरांच्या लाडक्या विद्यार्थिनी प्रज्ञाताई दोन शब्द बोलतील." मी जागेवरूनच घशाला हात लावून खूण केली आणि बसून राहिले. घसा ठणठणीत होता. दोन शब्दांत आटपणारं नव्हतं म्हणून इथं लिहिते आहे. ऱ्हस्वदीर्घ तुम्ही तपासालच.

प्रज्ञा हे नाव तुमचंच. घरी मला कचरी म्हणायचे, आधीची दोन लेकरं गेली म्हणून. कुंभार पिंपळगावच्या पुढच्या आमच्या वस्तीवरची शाळा दोन शिक्षकांची, आणि चार्ज तुमच्याकडे. तुम्ही कपाशीच्या रानात येऊन आईच्या कापूस येचायच्या ओट्यात लपलेल्या मला हाताला धरून शाळेत नेलंत. मागून वडील धावत आले. तुम्ही दाखल रजिस्टर उघडलंत. नाव विचारलंत आणि म्हणालात, "हे नाव नाही, ही शिवी आहे." प्रज्ञा लिहिलंत. जन्मतारीख विचारलीत. वडील म्हणाले, कापूस येचायच्या दिसात झाली. तुम्ही एक जून लिहिलंत. वस्तीतल्या आम्हा सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो त्यामुळे. धर्म, बौद्ध. मग तुम्ही थांबलात, पेनाचं टोपण दाताखाली धरलंत, आणि जातीच्या रकान्यात एक शब्द लिहून तो आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलात. निरंक.

"निरंक म्हंजी काय व्हय सर?" वडिलांनी विचारलं.

"म्हणजे काही नाही. शून्य."

"मंग बराबर हाय," वडील म्हणाले. "तसंबी आमच्यापशी काय हाय."

त्यांना वाटलं जमीनजुमल्याचं विचारून राह्यले. तुम्ही त्यांचा गैरसमज दूर केला नाहीत. तुम्हाला घाई होती, त्या एका सकाळी तुम्हाला वस्तीतल्या सात पोरांची जात शून्य करायची होती. सरकारी रजिस्टरात हिशेबनिसाचा शब्द घालून जात संपवता येते असं तुम्हाला खरंच वाटलं होतं. त्याच आठवड्यात नसीमाचे अब्बा तिला घेऊन आले तेव्हा ते टेबलापाशी उभे राहिले आणि बोट ठेवून म्हणाले, "मुस्लिम तांबोळी लिखो सरजी, पूरा लिखो. कल को लगता." तुम्ही कुरकुरलात, पण लिहिलंत. दुसऱ्याच्या घरात तुम्हाला हात घालता येत नव्हता. आमच्यावर तुमचा हक्क होता, कारण तुम्ही आमच्यातलेच होतात.

खोटं का बोलू, त्या शाळेत मी राजकन्येसारखी वाढले. खिचडी वाढणारी बाई आमच्या रांगेच्या ताटांत हात वर धरून वरूनच खिचडी टाकायची. तुम्ही तिला एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तुमचं ताट घेऊन आमच्या रांगेत मध्येच मांडी घालून बसायला लागलात. गुरुजींच्या ताटात तिला वरून टाकता येईना, आणि तुमच्यापाशी वाकलेला हात आमच्यापाशी पुन्हा वर उचलायला तिला अवघड व्हायला लागलं. पंधरा दिवसांत ती सवयीनं सगळ्यांनाच वाकून वाढायला लागली. संध्याकाळी समाजमंदिरात तुमचा जादा वर्ग असायचा, त्यात नसीमाही असायची, मळ्यातली दोन मराठ्यांची पोरंही असायची. अपूर्णांक तुम्ही भाकरी मोडून शिकवलेत आणि मग ती भाकरी आम्हालाच खायला दिलीत. मला अजूनही छेद आणि अंश म्हटलं की भूक लागते.

फक्त आमची भाषा तुम्हाला खपत नव्हती. न्हाई म्हटलं की छडी. मंग म्हटलं की छडी. "नाही, मग, झाला होता," वीस वेळा म्हणा. "तुमच्या तोंडावरून तुम्हाला कोणी ओळखता कामा नये," असं म्हणायचात. मी इतकी चांगली तयार झाले की घरी आईशी बोलताना अडखळायला लागले. आई म्हणायची, "सरानं पोरगी बामनीन करून टाकली," आणि वर पुन्हा शेजारणीला बोलावून माझं बोलणं ऐकवायची.

मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. तुम्हाला मी कलेक्टर व्हायला हवी होते. पण मास्तर लोकांना सगळीच पोरं कलेक्टर व्हायला हवी असतात, म्हणून ते मी मनावर घेतलं नाही. आमची शेळी अडली होती तेव्हा डॉक्टर गावात येऊन गेला होता, वस्तीवर आला नाही. सकाळपर्यंत शेळी आणि पोटातली दोन्ही करडं गेली. मी तुम्हाला म्हणाले होते की मी वस्तीवर जाणारी डॉक्टर होणार. बारावीला तुम्ही मला जालन्याच्या होस्टेलला सोडायला आलात. ऑटोवाल्याशी जमेना, तेव्हा माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन स्टेशनकडून चालत निघालात आणि वाटेत एकदाही खाली ठेवली नाहीत. मागून चालताना मी तुमची मान बघत होते, घामानं सदऱ्याची कॉलर काळी झाली होती. माझ्या सख्ख्या बापानं याहून जास्त काय केलं असतं ते मला माहीत नाही.

नंबर लागला. राखीव जागेवर, तात्पुरता, जात पडताळणीचा कागद मुदतीत आणून देईन अशा हमीपत्रावर. चार महिने मी त्या कॉलेजात होते. म्हशीच्या हाडांची नावं पाठ केली. गाईच्या डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावून पोटात गडगडतं ते ऐकलं, आणि शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हा आवाज बंद झाला तर घाबरायचं." मी वहीत लिहून घेतलं. ती वही आहे अजून.

मग समितीचं पत्र आलं. पहिल्या शाळेच्या नोंदीत जात निरंक आहे, त्यामुळे दावा सिद्ध होत नाही. वडील कधी शाळेत गेलेले नव्हते, आजोबांचा तर प्रश्नच नाही. आमच्या घराण्यात शाळेच्या कागदावर आलेली पहिली मीच, आणि माझ्या कागदावर तुम्ही शून्य लिहून ठेवलेलं. खिडकीतल्या माणसानं मला खरंच विचारलं, "निरंक हे कोणत्या प्रवर्गात येतं, ताई?" मागच्या रांगेतले हसले. उपाय एकच होता. शाळेच्या मुख्याध्यापकानं नोंद दुरुस्त करण्याचा प्रस्ताव वर पाठवायचा. आणि मधल्या बदल्या करून मुख्याध्यापक म्हणून तुम्हीच परत आमच्या शाळेवर आलेले होतात. मी गाडीत बसले तेव्हा इतकी निश्चिंत होते की खिडकीला डोकं टेकवून झोपले.

तुम्ही अर्ज वाचलात, घडी घातलीत आणि माझ्यापुढे सरकवलात.

"माझ्या हातानं पुसलेला शब्द माझ्याच हातानं परत लिहू?"

मी म्हणाले, "सर, नुसती दुरुस्ती आहे."

"ही दुरुस्ती नाही प्रज्ञा, ही माघार आहे. तुझ्यात गुणवत्ता आहे. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे. खुल्या गटातून बस."

"सर, खुल्या गटातल्या पोरींच्या आया कापूस येचायला जात न्हाईत."

आणि तुम्ही म्हणालात, "न्हाईत नाही. नाहीत."

तुम्हाला हे आठवत होतं का कोण जाणे. मला रोज आठवतं. माझं आयुष्य तुमच्या टेबलावर पालथं पडलं होतं आणि तुम्ही त्यातलं शुद्धलेखन तपासत होतात.

दुसऱ्या वेळी वडिलांना घेऊन आले. वडील तुमच्या पायांशी वाकले. तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत आणि म्हणालात, "आपण कोणाच्या पाया पडत नाही." वडील अर्धे वाकलेले तसेच राहिले. उठावं की पडावं ते त्यांना कळेना. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "सर म्हन्तेत तर काही तरी बराबर असल, पोरी." ते गेले तोवर त्यांचं हेच म्हणणं होतं. तिसऱ्या वेळी, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, मी एकटी आले तर शाळेला कुलूप होतं. तुम्ही परतूरला भाषणाला गेला होतात. शिपायाला विषय माहीत होता, त्यानं कौतुकानं सांगितला: शिक्षणातली समता.

नाव कमी झालं. पुढच्या वर्षी परीक्षा वगैरे काही झाली नाही, लग्न झालं. मंठ्याला नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यात मी कॉम्प्युटर टाकला आणि ऑनलाइन फॉर्म भरायला लागले. शाळा-कॉलेजं सुरू झाली की माझ्या बाकावर बसायला जागा नसते. कोणाच्या दाखल्यावर शेख आहे आणि आधारवर शैख, तेवढ्यावर त्याची शिष्यवृत्ती परत येते. कोणाची आई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा मजुरी बुडवून आलेली असते आणि तलाठी मीटिंगला गेलेला असतो. ज्याच्या बापाला कागद वाचता येतो त्याचं काम एका खेपेत होतं. बाकीच्यांची पोरं हुशार असली तरी खेपांतच दमतात. मी हे बघत बघत कागद शिकले. मला त्या कागदांची चीड होती म्हणूनच मी ते इतके नीट शिकले.

आणि तुमची पोरं यायला लागली. तुम्ही तीन गावांत नोकरी केलीत आणि तिन्ही गावांत निरंक पेरून आलात. मी जुन्या महसुली नोंदी शोधल्या. निजामाच्या वेळच्या, उर्दूतल्या. नसीमाच्या अब्बांनी चष्मा पुसून पुसून त्या वाचल्या, आणि एका पानावर त्यांना माझ्या पणजोबांचं नाव सापडलं, गावकीच्या कामाबद्दल मिळालेल्या हाडोळ्याच्या जमिनीच्या तुकड्यासमोर, आणि नावापुढे तो शब्द. महार. अब्बांनी तो हळूच वाचला, मला वाईट वाटेल म्हणून. मला वाईट वाटलं नाही. मी त्या पानाची नक्कल छातीशी धरून हमसून हमसून रडले, कारण हेच पान चार वर्षांपूर्वी सापडलं असतं तर मी डॉक्टर असते.

त्यानंतर मी एकेका पोराच्या घरचं असलं पान शोधलं, तुमच्यानंतरच्या मुख्याध्यापकांकडून प्रस्ताव करून घेतले, आणि तुमच्या सुंदर अक्षरातल्या निरंकवर लाल शाईची रेघ ओढलेली बघितली. किती पोरं मार्गाला लागली ते तुमच्या मांडवात बसलेल्यांना विचारा, अर्धी तिथंच होती. मला गावोगावी निरंकवाली ताई म्हणतात. तुम्ही त्यांना अक्षर दिलंत आणि मी जात परत मिळवून दिली, आणि मांडवात कौतुक मात्र तुम्ही जात घालवल्याचं झालं.

दिवाळी झाल्यावर तुम्ही माझ्या दुकानात आलात. परतूरला गाडी बदलून, हातात प्लास्टिकची फाईल घेऊन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खूप वाळला होतात. बाकावरच्या पोरांनी उठून जागा दिली. तुम्ही म्हणालात, "हयातीचा दाखला काढायचा होता." पेन्शनवाल्यांना दरवर्षी मशिनवर अंगठा टेकवून जिवंत असल्याचं सांगावं लागतं, तो दाखला. मग घसा साफ करून म्हणालात, "आणि जरा दुसरंही एक काम आहे." पण तोवर तुम्ही फाईल उघडली होती आणि वरचाच कागद माझ्या नजरेला पडला होता. तुमचा स्वतःचा जातीचा दाखला. पिवळा पडलेला, जपून प्लास्टिकमध्ये घातलेला. त्यावर निरंक नव्हतं.

"सर, तुमची नोकरी कशावर लागली?" मी विचारलं. सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं विचारलं.

"त्याच शब्दावर," तुम्ही म्हणालात.

"मंग?"

"म्हणूनच." तुम्ही चष्मा काढलात. "बत्तीस वर्षं स्टाफरूममध्ये मी कोणत्याही पोराचं गणित सोडवलं, कोणाचंही इन्स्पेक्शन पार पाडलं, तरी शेवटी माझ्यामागे एकच बोलायचे, हा त्या जागेवर आलेला. मला वाटलं, तुम्हाला तरी..."

"तुमचं पोट भरल्यावर तुम्हाला उपास सुचला," मी म्हणाले, "आणि तो आम्हाला करायला लावलात."

 तुम्ही चष्मा परत चढवलात आणि फाईलमधला पुढचा कागद काढायला लागलात. मी स्क्रीनकडे वळले आणि म्हणाले, "आज सर्व्हर डाऊन आहे. पुढच्या आठवड्यात या."

सर्व्हर डाऊन नव्हता. माझ्या मागे प्रिंटरमधून दुसऱ्याच्या दाखल्याचा कागद बाहेर येत होता. तुम्ही तो बघितलात की नाही ते मला कळलं नाही. मला फार बरं वाटलं, सर. इतकं बरं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात. मी तुम्हाला दोन तास बसवलं. तेवढ्यात तुम्ही माझ्या पाटीवरच्या 'शिष्यवृती'तला एक त राहिलाय हे दाखवून दिलंत. मी म्हणाले, करते दुरुस्त, पण आज सर्व्हर नाही. त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही आत आला नाहीत. पायरीवर उभे राहिलात, फाईल दोन्ही हातांनी पोटाशी धरून, आणि विचारलंत, "आज?"

मी म्हणाले, "न्हाई."

तुम्ही वाट बघितलीत थोडी. मला वाटलं आता सुधाराल. तुम्ही मान हलवलीत आणि स्टँडकडे निघून गेलात. तुमची चाल तिरकी झाली होती, उजवा पाय ओढत होतात. मी त्या पाठमोऱ्या माणसाला हाक मारली नाही. मनात म्हणाले, एवढ्या खेपा मीही घातल्या होत्या, फिटलं. दाखला काय, बँकेतही निघतो, तिकडे जातील.

तुम्ही गेलात, जाळलं, पुण्यानुमोदन झालं. आणि परवा आम्रपाली आली. तुमच्या मुलाची मुलगी, नवीन जालन्यात राहते, बियाण्याच्या कंपनीत बाप कारकून. मी तिला मांडवात पाहिलं होतं, पाणी वाटत होती. तिनं तीच प्लास्टिकची फाईल माझ्या टेबलावर ठेवली.

"ताई, आजोबांनी तुमच्याकडंच जायला सांगितल्तं."

मी म्हणाले, "हयातीच्या दाखल्याचं ना? आता काय उपयोग त्याचा."

"तो तर त्यांनी दिवाळीलाच बँकेत देऊन टाकल्ता."

मला आधी समजलं नाही. तिनं एकेक कागद काढला. तिचा शाळा सोडल्याचा दाखला होता. जातीच्या रकान्यात निरंक. सरकारी इंजिनिअरिंगला तिचा नंबर लागला होता, तात्पुरता, हमीपत्रावर. "शाळेत नाव घालायला आजोबाच आल्ते," ती म्हणाली. "पप्पा चिडले. म्हणाले, तुम्हीच लिहिलं, आता तुम्हीच निस्तरा. मंग आजोबा म्हणाले, वंशावळीचं शपथपत्र मी देतो, माझा दाखला लावू, पण ते लिहायचं प्रज्ञानंच. बाकी कोणाला त्यातलं काही कळत न्हाई. आणि तिच्याशी मला जरा बोलायचंय. तीनदा आल्ते ते. तुमचा सर्व्हर बंद होता ना."

"मुदत कधी होती?" मी विचारलं.

"झाली, ताई. ते दवाखान्यात होते तेव्हाच. कॉलेजनं नाव काढलं."

सर, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, कारण तुमच्याशी आता खोटं बोलून उपयोग नाही. मला वाटलं, म्हणजे नातीसाठी तुम्हाला तो शब्द चालला. माझा बाप वाकला तेव्हा खुर्ची मागे ओढणारा माणूस स्वतःच्या रक्तासाठी दोन गाड्या बदलून आला. हे वाटायला एक क्षण लागला. मग मी तिच्या दाखल्याकडे पुन्हा बघितलं. हा दाखला माझ्यानंतरचा. माझं सगळं होऊन गेल्यावर, मला दारातून परत पाठवल्यावर, तुम्ही स्वतःच्या नातीच्याही रकान्यात तेच लिहिलं होतंत. म्हणजे तुम्ही ढोंगी नव्हतात. मी इतकी वर्षं तुम्हाला ढोंगी ठरवून जगले, आणि तुम्ही निव्वळ चुकलेले निघालात. एका चुकलेल्या म्हाताऱ्याला चूक कबूल करायला माझ्याच दारी यावंसं वाटलं आणि मी त्याला आत घेतलं नाही.

काय बोलायचं होतं तुम्हाला माझ्याशी? चूक झाली म्हणणार होतात, की अजूनही माघारच म्हणणार होतात आणि तरी सही करणार होतात? मला दुसरं जास्त खरं वाटतं. तुम्ही वाकला असतात, पण वाद घालत वाकला असतात, आणि मीही भांडत भांडत ते शपथपत्र लिहिलं असतं. तुम्ही त्यात चार चुका काढल्या असत्या. एका दुपारचं काम होतं.

आम्रपाली माझ्याकडे बघत होती. तुमचेच डोळे आहेत तिचे, उत्तर येईपर्यंत हलत नाहीत. मला तिला सांगायलाच हवं होतं असं काही नाही. सर्व्हरचं कोणालाही पटतं. मी म्हणाले, "सर्व्हर बंद नव्हता."

"म्हंजे?"

"मी त्यांना खोटं सांगितलं. जुना राग होता माझा त्यांच्यावर."

तिनं विचार केला. "तीनही बार?"

"तीनही बार."

तिनं एकेक कागद परत फाईलमध्ये घातला, तुमचा पिवळा दाखला सगळ्यात शेवटी. मी म्हणाले, पुढच्या वर्षीसाठी हे सगळं मीच करून देते, अगदी वरपर्यंत जाऊन. ती म्हणाली, "राहू द्या." आणि समोरच्या दुसऱ्या सेंटरवर जाऊन बाकावर बसली. मला इथून ती दिसत होती. तिथल्या पोराला वंशावळ म्हणजे काय ते तीच समजावून सांगत होती.

ती मला माफ करणार नाही, सर. करू नये. मी तरी तुम्हाला कुठं केलंय.